टेंटच्या ‘वॉटरप्रूफिंग’च्या नावावर ९,९५० रुपये गेले, इंदूरवाल्यांनी नक्की वाचा

इंदूरमधे पावसाळ्यात कॅम्पिंगला जायचं म्हणून कोणी टेंट घेत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रार करायची आहे आणि उगाच उलटं माझ्यावरच काही यायला नको. पण हे असले प्रकार एकाच दुकानात होत असतील असं मला वाटत नाही.

आधी हिशोब. चार माणसांचा टेंट ७,४५०. त्यावर ‘डबल वॉटरप्रूफिंग’ म्हणजे शिवणी सील करणं आणि वरून कोटिंग, १,८५०. खाली अंथरायची शीट ६५०. टेंटचे पैसे दुकानाच्या क्यूआरवर घेतले, बाकीचे २,५०० कारागिराचे म्हणून दुसऱ्याच एका नंबरवर टाकायला लावले. बिल म्हणजे पॅडवर पेनाने लिहिलेला कागद, जीएसटी नंबर नाही काही नाही, शिक्का मात्र ठळक, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’.

दुकानदाराने काउंटरवर टेंटचं कापड ताणून धरलं आणि वरून बाटलीतलं पाणी ओतलं. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले, खाली हात लावून बघितला तर कोरडा. पिशवीवर ३००० मिमीचा स्टिकर. हे कोणालाही पटलं असतं. पण मंडळी, ही बाटलीची टेस्ट काहीच सांगत नाही, कापडावर नुसता पाणी झटकणारा स्प्रे मारला तरी थेंब असेच पळतात. ३००० मिमी म्हणजे त्या कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा दाब पडला तरी पाणी आत येत नाही, आणि ते कापडाचं झालं, टेंट गळतो तो मुख्यतः शिवणीतून, चेनमधून, खालच्या कोपऱ्यातून. दुकानदार कापड दाखवतो, शिवण दाखवत नाही. तुम्ही शिवण बघायला मागा, ती पण आतल्या बाजूने.

आता ते, जे आठवलं की अजून डोकं फिरतं. कोटिंगसाठी टेंट दुकानातच ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिला, व्यवस्थित घडी घालून, पिशवीत बंद. मी म्हटलं उघडून दाखवा. तर म्हणे, “भाभीजी, कोटिंग ताज़ी है, चौबीस घंटे मत खोलना, नहीं तो वारंटी चली जाएगी.” आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्हाला निघायचं होतं, हे त्याला माहीत होतं, मीच बोलण्याबोलण्यात सांगितलं होतं. आता सांगा, ओलं कोटिंग कोणी घडी घालून ठेवतं का? सील केलेला टेंट वाळवायचा असतो तो उभा करून किंवा पसरून, घडी घातली तर कापड कापडाला चिकटतं. पण सीलर, म्हणजे शिवणीला लावतात ते द्रव, वाळायला बराच वेळ लागतो हे खरंच आहे, त्यामुळे ऐकताना बरोबर वाटतं. खऱ्या गोष्टीत खोटं मिसळून सांगतात हे लोक, आणि पहिल्यांदा टेंट घेणाऱ्या माणसाला हे कळणार तरी कसं? त्या पिशवीला वासही नव्हता. नवीन सीलरला थोडा तरी वास येतो.

इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतात आम्ही टेंट लावला, मी, जाऊबाई आणि तीन मुलं, पुरुषमंडळी दुसऱ्या टेंटमधे, तो त्यांनी मित्राकडून मागून आणलेला. अकराच्या सुमाराला पाऊस आला, फार मोठा पण नाही, मालव्यात जसा येतो तसा. अर्ध्या तासात डोक्यावरच्या शिवणीतून धार लागली. ती ६५० ची शीट टेंटच्या बाहेर वीतभर निघत होती, त्यावर पडलेलं सगळं पाणी टेंटच्या खाली येऊन साचलं आणि जमिनीकडून वर आलं (शीट नेहमी टेंटपेक्षा लहान हवी किंवा आत दुमडून घ्यायची, हे पण विकणाऱ्याने सांगायला नको?). पुतणीला दम्याचा त्रास आहे. तिला ओल्या कपड्यात गाडीत नेऊन बसवलं, रात्रभर ती खोकत होती, इनहेलर होता म्हणून निभावलं.

सकाळी ऊन पडल्यावर टेंटचं वरचं कव्हर उलटं करून पसरलं. शिवणीवर पारदर्शक पट्टी होती. नखाने टोक उचललं तर फर्रकन लांबच लांब सुटून हातात आली. कुरिअरच्या खोक्याला लावतात ती टेप! खाली सुईची भोकं ओळीने, आणि त्यातून ऊन दिसतंय. खरी सीम टेप गरम करून बसवलेली असते, ती नखाने अशी निघत नाही. मग जाऊबाईंनी पिशवीवरचा ३००० चा स्टिकर सोलला, तर खाली कंपनीचा छापील स्टिकर होता, ‘वॉटर रेझिस्टंट’, म्हणजे थोडंफार पाणी अडवणारा. वॉटरप्रूफ नाहीच. १,८५० रुपये त्यांनी माझ्याकडून पॅकिंग टेपचे घेतले.

दुकानात गेले तर तो कारागीर कोण ते आता कोणालाच माहीत नाही. “वो तो बाहर का आदमी था.” वर दुकानदार म्हणे, टेंट तुम्ही नीट लावला नसेल, आणि बिलावरचा शिक्का बघा. ठाण्यात गेले. साहेबांनी टेप हातात घेऊन बघितली, हसले, म्हणाले ये तो सिविल मैटर है, कंज़्यूमर में जाइए. स्टिकरवर स्टिकर लावून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे ना यासाठीच? अर्ज घ्या म्हटलं तर, “मैडम, पति को भेज दीजिए, उनसे बात कर लेंगे.” पैसे माझ्या खात्यातून गेले, फसवलं मला, आणि बोलणार पतीशी! अर्जाची पावती शेवटपर्यंत दिली नाही. बँकेत गेले, ते म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. अजून एका सरकारी खिडकीवर सांगितलं पक्कं बिल आणा. अहो पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! ९,९५० रुपयांसाठी माणूस ऑफिसची किती रजा घेईल, याच हिशोबावर हे लोक जगतात आणि वर बसलेल्यांना हे चांगलं माहीत आहे.

त्या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हाच अनुचित व्यापार आहे, आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घ्यायला नकार देणं पण त्यातच येतं. आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होते, वकील लागतोच असं नाही. हे मला कोणत्याही खिडकीवर कोणी सांगितलं नाही, नात्यातल्या एका वकील काकांनी सांगितलं.

टेंट घेतला की निघायच्या आधी घरच्या गच्चीवर उभा करा, कव्हर ताणून, आतल्या कापडाला टेकता कामा नये. वरून पाइपने पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा, एकाने आत बसायचं, टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन, शिवणीवरून टिश्यू फिरवायचा. गळत असेल तर सीलर स्वतः लावा, पण पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगच्या कापडाला पीयूचा आणि सिलिकॉनवाल्याला सिलिकॉनचा, उलटं लावलं तर धरत नाही. सकाळी कव्हरला आतून दव असतं ते गळणं नाही, त्याला घाबरू नका. आणि पैसे दुकानाच्याच क्यूआरवर द्या, दुसऱ्या नंबरवर एक रुपया नाही.

टेप, दोन्ही स्टिकर आणि तो कागद मी जपून ठेवलाय, फोटो आणि व्हिडिओ पण आहेत. इंदूरमधे कोणी ‘डबल वॉटरप्रूफिंग’ करून टेंट घेतला असेल तर आजच पिशवीवरचा स्टिकर सोलून बघा आणि मला कळवा, दोन-तीन जण असलो तर वकील काका म्हणतात एकत्र तक्रार टाकू.