सीपॅपचे आठ महिने: आकडा ०.८, तरी डोळ्यांवर झापड

स्लीप स्टडीत माझा एएचआय ४१ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा पार मंदावत होता, तोही दर वेळी निदान दहा सेकंद. ३० च्या वर गेलं की 'तीव्र'. माझ्या घोरण्यावरून ही कित्येक वर्षं बोलत होती, मी हसण्यावारी नेत होतो.

सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवणारं यंत्र आलं आणि तिसऱ्याच सकाळी स्क्रीनवर एएचआय १.९! पाचच्या आत आलं की झालं, असं ऐकून होतो. पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पण जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये मान पडायची ती पडतच होती.

दीड महिन्यानंतर वही केली. एका रकान्यात यंत्राचा आकडा, दुसऱ्यात सकाळी किती ताजं वाटलं त्याचे दहापैकी गुण. दोन्हींचा काही केल्या मेळ बसेना. ०.८ च्या दिवशी ४ गुण, ४.३ च्या दिवशी ८! तिसरा रकाना तासांचा घातला तेव्हा कुठे उलगडा झाला. ०.८ वाल्या रात्री मी साडेतीनच्या सुमारास झोपेतच मास्क काढून टाकलेला असायचा.

यंत्र हिशोब ठेवतं तो फक्त मास्क लावलेल्या वेळेचा. आणि स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, जास्त करून पहाटेकडे येते. तेव्हा स्नायू सैल पडतात आणि बऱ्याच जणांचा घसा तेव्हाच जास्त मिटतो. थोडक्यात, सोप्या पेपरात पैकीच्या पैकी आणि अवघड पेपराला दांडी.

शिवाय यंत्राला मेंदू दिसत नाही, सगळा अंदाज हवेच्या प्रवाहावरून. जागेपणी कूस बदलताना श्वास रोखला तर तेही कधी कधी मोजलं जातं. उलट श्वास जड होऊन झोप चाळवली, पण प्रवाह पुरेसा घटला नाही, तर एएचआयमध्ये त्याची नोंदच नाही. माझ्या यंत्राचं अ‍ॅप १०० पैकी ७० गुण नुसत्या तासांना देतं, श्वास अडण्याला अवघे ५. आधी याला नावं ठेवायचो. आता वाटतं, ७० ठीकच आहेत.

मास्क का निघत होता? हवेचा सुरुवातीचा दाब ४, त्यात मला हवाच पुरत नसे. डॉक्टरांनी यंत्राच्या मेमरी कार्डावरची माहिती बघून तो ७ केला. तोंड उघडं पडून हवा गळत होती, म्हणून नाकाचा मास्क बदलून नाक-तोंड झाकणारा घेतला. नाकावर वळ उठतो, पण चालतंय. (बी१२ ही कमी निघालं. सगळा दोष झोपेचा नव्हता तर!)

दिवसा किती पेंग येते हे मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत २४ पैकी १७ होते, आता ७. आकडा मात्र २ ते ४ मध्येच फिरतो, पहिल्या महिन्यापेक्षा थोडा वाईटच.

पहाटे मास्क सरकला की फुस्स आवाज होतो. मला पत्ता नसतो, पण हिला जाग येते आणि कोपर बसतं.