मोटरवाले फायर डॅम्पर: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलचा मेन्टेनन्स माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही एसीच्या डक्टमधले (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातले) जुने लिंकवाले फायर डॅम्पर काढून मोटरवाले बसवले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जो त्रास झाला त्यातला बराचसा डॅम्परचा नव्हताच, त्याच्या आजूबाजूच्या कामाचा होता.

ज्यांचा या वस्तूशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आग अडवणाऱ्या भिंतीतून किंवा स्लॅबमधून डक्ट न्यायचा तर भोक पाडावंच लागतं, आणि आग लागली की धूर आणि ज्वाळा नेमक्या त्याच भोकातून पलीकडे जातात. डॅम्परची पाती ते भोक बंद करतात. जुन्या प्रकारात एक छोटी लिंक पाती उघडी धरून ठेवते. हवा साधारण 72 अंशांपर्यंत तापली की लिंकचा सोल्डर केलेला जोड वितळतो आणि पाती बंद होतात. वायर नाही, वीज नाही, पैसेही कमी.

मग बदलले कशाला? धुरासाठी. गादी किंवा केबल धुमसते तेव्हा धूर भरपूर असतो, पण डक्टपर्यंत येईस्तोवर तो तितका तापलेला नसतो. लिंक ढिम्म राहते आणि एएचयू (एसीची हवा डक्टमध्ये ढकलणारं ब्लोअरचं युनिट) तोच धूर सगळ्या खोल्यांना वाटत बसतो. लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात 1980 साली 85 माणसं गेली. आग होती तळमजल्यावर आणि दगावलेले बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुरानं. 2021 च्या भंडाऱ्यातल्या हॉस्पिटलच्या आगीनंतर हॉस्पिटलच्या मालकांना आग किती गंभीर आहे हे सांगावं लागत नाही. डक्टचं मात्र अजून पटवून द्यावं लागतं. "आहेत ना आपल्याकडे डॅम्पर?" असं म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी फाइल दोनदा परत पाठवली होती.

मोटरवाल्याचं काम असं चालतं: वीज मिळाली की मोटर पाती उघडते आणि उघडताना आतली स्प्रिंग आवळून ठेवते. वीज तुटली की स्प्रिंग पाती मिटवते. डक्टमधल्या स्मोक डिटेक्टरनं फायर पॅनलला कळवलं की पॅनल रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) सोडून वीज तोडतो. शिवाय 72 अंशांचा एक सेन्सर जोडलेला असतोच. तो एकदा खरोखर उष्णतेनं उडाला की परत जुळत नाही, नवाच घालावा लागतो.

आता आमच्या मुख्य दुखण्याकडे येतो. लाइट गेली की सगळे डॅम्पर पडतात, म्हणजे मिटतात. हा बिघाड नाही, बनावटच तशी आहे. पण आमचा जनरेटर काही सेकंदांत लोड घेतो आणि एएचयूचा स्टार्टर आपोआप उचलतो. डॅम्परला बंद व्हायला वीसेक सेकंद पुरतात, उघडायला मात्र दोन मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे ब्लोअर पूर्ण जोरात आणि पुढे वाट बंद. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसात लाइट गेली, आली, परत गेली. तिसऱ्या मजल्यावर डक्टचा पत्रा असा धाडकन वाजला की सिस्टर पेशंटला सोडून बाहेर आल्या. वर जाऊन पाहिलं तर एएचयूच्या तोंडाशी असलेला कॅनव्हासचा जोड शिवणीत वीतभर उसवला होता. दुसऱ्या दिवशी वितरकाचा माणूस आला, सगळं तपासलं आणि म्हणाला, "साहेब, डॅम्पर तर बरोबर वागतोय." खरंच होतं ते, म्हणून जास्त राग आला.

उपाय दोन केले. पहिला, प्रत्येक डॅम्परच्या मोटरमध्ये जो लिमिट स्विच असतो, त्याची 'उघडा आहे' ही खूण एएचयूच्या स्टार्टरला जोडली. त्या एएचयूवरचे सगळे डॅम्पर उघडल्याशिवाय ब्लोअर सुरूच होत नाही, आणि चालू असताना एखादा पडला तर ब्लोअर थांबतो. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हे वायरिंग नव्हतं. तुम्ही काम देणार असाल तर पहिल्याच दिवशी हे लिहून घ्या, नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून भरपूर पैसे जातात. दुसरा, डॅम्परचा 24 व्होल्टचा पुरवठा यूपीएसवर घेतला. उघडं राहायला मोटर अगदी थोडी वीज खाते, त्यामुळे यूपीएसवर ओझं पडत नाही. यात एक धोका आहे: फायर पॅनलचा रिले यूपीएसच्या पुढे, म्हणजे डॅम्परकडच्या बाजूलाच हवा. मागे राहिला तर आग लागल्यावर पॅनल बिचारा वीज तोडेल आणि यूपीएस इमानेइतबारे डॅम्पर उघडा धरून ठेवेल. आम्ही डिटेक्टरला धूर देऊन डॅम्पर खरोखर पडतात हे पाहिलं, मगच सही केली.

धुळीबद्दल. कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरभर रस्ते खणलेत, मुंबई नाका काही वेगळा नाही. पुरवठ्याच्या बाजूचे डॅम्पर फिल्टरच्या पुढे असल्यानं स्वच्छ राहिले. रिटर्नच्या, म्हणजे खोल्यांतली हवा परत ओढणाऱ्या बाजूचे पाहवत नव्हते. वॉर्डातल्या चादरी-ब्लँकेटांचा पिंजा आणि रस्त्याची धूळ मिळून पात्यांच्या कडेच्या पातळ स्टीलच्या सीलवर करडा थर बसला होता, बोटानं ओढला तर सलग पट्टी निघाली. अशा कडा पूर्ण मिटत नाहीत आणि धूर जायला तेवढी फट पुरते. आता रिटर्नवाले दर तिमाहीला पुसतो. तेल-ग्रीस लावू नका, आमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्येच मनाई आहे, आणि नसती तरी तेलावर धूळ दुप्पट चिकटते.

पुसायला हात आत जायला हवा, आणि इथे ठेकेदारानं आमची खरी परीक्षा घेतली. डक्टला ॲक्सेस डोअर होतं, त्याच्या खाली फॉल्स सीलिंगचं झाकण मात्र नव्हतं. काही ठिकाणी झाकण होतं, पण डोअरपासून दोन फूट बाजूला. जिप्सम कापून, पुन्हा पुट्टी-रंग करून हे निस्तरलं. कोपरापर्यंत हात जाईल आणि टॉर्च धरता येईल एवढं दार हवं, त्याहून लहान असेल तर ते फक्त बिल लावायला.

हे दार आणखी एका कारणासाठी लागतं. पॅनलवरचा दिवा मोटरची स्थिती सांगतो, पात्यांची नाही. दुसऱ्या मजल्यावर एका डॅम्परचा मोटर धरणारा क्लॅम्प पात्यांच्या दांड्यावर सैल झाला होता. मोटर फिरायची, दिवा 'बंद' दाखवायचा, पाती होती तिथेच. कागदावर तो डॅम्पर पास झाला असता. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा एजन्सीचा दाखला) द्यावा लागतो. त्या तपासणीच्या वेळी एजन्सीच्या माणसाला शिडीवर चढवा, पॅनलसमोर खुर्ची देऊ नका. अमेरिकेतल्या एनएफपीए 80 या अग्निसुरक्षेच्या मानकात बसवल्यावर एका वर्षानं आणि मग दर चार वर्षांनी तपासणी सांगितली आहे, हॉस्पिटलला तर सहा वर्षं. आमचा रिटर्न डक्ट पाहिल्यावर सहा वर्षं ही मला चैन वाटते.

पावसाळ्यात गच्चीवरून ताजी हवा घेणारा एकच डॅम्पर रेंगाळायला लागला. हवा आत घेणाऱ्या तिरप्या पट्ट्यांच्या लूव्हरमधून झड आत येत होती. बाहेर पत्र्याची छपरी लावली, पाती पुसून कोरडी केली, संपलं. थंडीत काहीच झालं नाही.

कँटीनच्या किचनच्या धुराड्यातही डॅम्पर घाला, असा एकाचा आग्रह होता. तेलकट धूर ओढणाऱ्या डक्टमध्ये साधा फायर डॅम्पर घालत नाहीत. पात्यांवर चरबी साठते आणि आगीला तेवढंच खाद्य मिळतं. ती ओळ आम्ही कोटेशनमधून काढायला लावली.

मोटर आणि पात्यांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. लिंकवाल्यांपेक्षा कितीतरी पट महाग आहेत, पण बटण दाबून परत-परत तपासता येतात. लिंकवाला तपासायचा म्हणजे लिंक सोडवा, पाती पाडा, मग बोटं सांभाळत परत वर चढवा. सेन्सरचे दोन स्पेअर मात्र खरेदीतच घ्या. आम्हाला एक पुण्याहून यायला इतके दिवस लागले की तेवढा काळ एक एएचयू बंद ठेवावा लागला.

तळघरातल्या एका डॅम्परचं काम अजून राहिलंय. डक्टला वळण सोयीचं पडावं म्हणून ठेकेदारानं तो भिंतीत न बसवता भिंतीपासून हातभर अलीकडे लटकवलाय. डॅम्पर मिटला तरी मधला पत्र्याचा तुकडा आगीत वाकून गळून पडेल आणि भोक मोकळंच राहील. तो बरोबर भिंतीत, कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे स्लीव्ह (भोवतीची पत्र्याची चौकट) आणि अँगल लावून बसवून द्यायचा, भोवती पीयू फोम मारायचा नाही, असं लेखी दिलंय. शेवटचा हप्ता तोवर आमच्याकडेच आहे.