स्वस्तातली ब्रेक बॅरल एअर रायफल: नेम कितपत लागतो आणि पैसे वसूल होतात का

एअर रायफलच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय छापलेलं असतं तर वेग. १००० फूट प्रति सेकंद, १२०० फूट प्रति सेकंद वगैरे. आणि पहिल्यांदा घेणारा माणूस बरेचदा तेवढा आकडा बघूनच रायफल निवडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नेम लागण्याशी त्या आकड्याचा फार थोडा संबंध आहे. तो वेग बहुतेक वेळा अगदी हलक्या, शिसं नसलेल्या मिश्रधातूच्या छर्‍यावर मोजलेला असतो, ८ ग्रेनच्या (साधारण अर्ध्या ग्रॅमच्या) आसपासचा नेहमीचा शिशाचा छर्रा घातला की तो चांगलाच खाली येतो, आणि ते बरंच आहे कारण आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट प्रति सेकंद असतो, त्याच्या जवळपास गेलेला छर्रा हवेत डगमगायला लागतो. म्हणून या रिव्ह्यूत वेगाबद्दल फार बोलणार नाही, कागदावर भोकं कुठे पडली तेच सांगतो.

रायफल म्हणजे या किमतीत सगळीकडे दिसते तीच. ४.५ मिमी म्हणजे पॉइंट १७७ इंच, स्प्रिंग आणि पिस्टनवाली, नळी बिजागरीवर खाली मोडून कॉक करायची म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची (यालाच ब्रेक बॅरल म्हणतात), प्लॅस्टिकचा स्टॉक, ओपन साइट म्हणजे भिंगाशिवायचा साधा नेम, मागे खाच आणि पुढे माशी, आणि खोक्यात सोबत ४ बाय ३२ चा स्कोप. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या वर्गात एकाच मॉडेलच्या दोन रायफलींमध्येसुद्धा फरक असतो आणि माझ्या हातातल्या एका पीसवरून सगळ्या कंपनीला चांगलं किंवा वाईट म्हणणं बरोबर नाही. पण खाली जे लिहिलंय ते या रचनेच्या जवळपास प्रत्येक रायफलीला लागू पडेल.

आधी टेस्ट कशी केली ते, कारण इथेच बरेच रिव्ह्यू फसवे होतात. अंतर १० मीटर, बंदिस्त जागा म्हणजे वारा नाही, बसून, पुढे मऊ बॅगवर तळहात आणि तळहातावर रायफल. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्यांची भोकं किती जवळजवळ पडली ते, आणि तो मोजायचा म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून छर्‍याची जाडी, ४.५ मिमी, वजा करायची. आणि ग्रुप १० छर्‍यांचा. लोक ३ छर्‍यांचा ग्रुप फोटोत दाखवतात, एकमेकाला चिकटलेली भोकं, दिसायला झकास. पण त्याच रायफलीतून त्याच हाताने १० मारले तर ग्रुप सरासरी दीडपटीहून जास्त मोठा येतो, हे साधं गणित आहे, जितके जास्त छर्रे तितका एखादा बाहेर जायचा चान्स जास्त. त्यामुळे कुणी ३ छर्‍यांवर रायफलची तारीफ केली तर मी ती गंभीरपणे घेत नाही.

नवी रायफल लगेच टेस्टला घेऊ नका, हे फार महत्त्वाचं. कारखान्यातून येताना आत तेल ग्रीस जास्त असतं, पिस्टनने हवा दाबली की ती इतकी तापते की त्या तेलाचा भडका उडतो, यालाच डिझेलिंग म्हणतात. सुरुवातीला नळीतून धूर येतो, जळकट वास येतो, कधी फटाक्यासारखा आवाज होतो, आणि प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा. पहिला एखादा डबा छर्रे नुसते मारून संपवायचे, मग ती शांत होते. माझी पण झाली, धूर थांबला आणि त्याच्याबरोबर वर खाली उडणारे छर्रे पण बरेच कमी झाले. यावर उपाय म्हणून आत घरातलं मशीनचं तेल घालणारे लोक आहेत, कृपा करून घालू नका, त्याने डिझेलिंग वाढतं आणि सील जातो.

आता निकाल. ओपन साइटवर, शिशाचे चपट्या तोंडाचे म्हणजे वॉडकटर छर्रे वापरून १० मीटरवर १० छर्‍यांचा ग्रुप साधारण १५ ते १८ मिमी. त्याच दिवशी, त्याच जागी, टोकदार स्वस्त छर्‍यांनी ३० मिमीच्या पुढे. रायफल तीच, माणूस तोच. हे आकडे नीट बघा, कारण माझ्या मते या रायफलबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. टोकदार छर्‍याचा डबा उघडून भिंगाखाली बघितला तर कळतं का ते, काहींची टोकं एका बाजूला झुकलेली, काहींचा मागचा घेर दबून अंडाकृती झालेला. मागचा तो पातळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तोच हवेच्या दाबाने पसरून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो, तो वाकडा असेल तर छर्रा निघतानाच तिरका निघतो. वॉडकटरच्या डब्यात असे वाकडे क्वचित. चांगल्या छर्‍याच्या डब्याचा फरक रायफलच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी लोक वरचं मॉडेल घ्यायला तयार होतात आणि छर्रे मात्र सगळ्यात स्वस्त मागतात. गोल डोक्याचे, डोम वाले, वॉडकटरच्या जवळपासच आले, आणि २५ मीटरवर तर तेच पुढे, कारण चपटं तोंड लांब गेल्यावर हवेत टिकत नाही.

हा ग्रुप चांगला की वाईट? १० मीटर एअर रायफलच्या सामन्यात जे टार्गेट असतं त्यात मधला १० चा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, ९ चं वर्तुळ साडेपाच मिमी आणि काळा भाग ३०.५ मिमी. म्हणजे नेम नीट झिरो केला असेल, साइट सरकवून जिथे नेम तिथेच भोक पडेल असं जुळवलं असेल, तर ही रायफल सगळे छर्रे काळ्यात ठेवते, आरामात. मॅच रायफलीशी तुलना करण्याचा प्रश्नच नाही, त्यांचे छर्रे एकाच भोकातून जातात. पण शिकणार्‍यासाठी काळ्याच्या आत सगळं ठेवणारी रायफल या पैशात मिळते, याला मी पूर्ण मार्क देतो.

पकडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथे बहुतेकांचा ग्रुप बिघडतो आणि शिव्या रायफलला पडतात. स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का दोन्हीकडे असतो. घोडा दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो म्हणून रायफल आधी मागे येते, मग पिस्टन पुढे जाऊन हवेच्या गादीवर आदळतो आणि रायफल पुढे झटकते, आणि यातलं बरंचसं छर्रा नळीत असतानाच घडतं. म्हणजे रायफलला दर वेळी सारखंच हलू द्यायला पाहिजे. घट्ट आवळून धरली किंवा लाकडाच्या कडेवर टेकवली तर ती दर वेळी वेगळी उसळते. डावा तळहात उघडा ठेवायचा, त्यावर रायफल नुसती ठेवायची, बोटं आवळायची नाहीत, खांद्याला हलकी टेकवायची, आणि तळहात रोज एकाच जागी. मी बॅगवर रायफल थेट टेकवून पण बघितली, ग्रुप वर सरकला आणि जवळपास दुप्पट पसरला. परत तळहातावर आलो की पहिल्यासारखा.

ट्रिगर म्हणजे घोडा हा हिचा कमजोर भाग. जड आहे, आणि दाबत असताना थोडा सरकतो, अडतो, परत सरकतो, शेवटी कधी सुटणार याचा अंदाज येत नाही. वापरून वापरून जरा मऊ झाला पण मूळ स्वभाव तोच. रोज सराव केला तर बोटाला सवय होते, ज्यांना तेवढा धीर नाही त्यांची चिडचिड होणार. खोलून कानस मारायच्या भानगडीत पडू नका, झिजवलेला ट्रिगर आपोआप सुटू शकतो आणि कॉक करताना सुटला तर उघडी नळी झटकन वर येते, बोटं तुटू शकतात. म्हणूनच छर्रा भरताना दुसर्‍या हाताने नळी धरून ठेवायची, कायम.

सोबत आलेला स्कोप. मी लावला, बघितला, काढला. ४ बाय ३२ चे हे साधे स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, १० मीटरवर टार्गेट धूसर दिसतं आणि डोळा जरा बाजूला गेला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. वर दोन्हीकडून बसणार्‍या धक्क्याने माउंट हळूहळू मागे सरकत होता. आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी लोक लक्षात घेतात. या रायफलीत पुढची माशी आणि मागची साइट दोन्ही नळीवर आहेत, म्हणजे नळी मोडून बंद करताना केसभर इकडेतिकडे बसली तरी नेम नळीबरोबरच हलतो. स्कोप मात्र मागच्या, पिस्टन असलेल्या सिलिंडरवर बसतो, तिथे नळी जरा खाली बसली की छर्रा खाली. त्यामुळे स्वस्तातल्या ब्रेक बॅरलवर ओपन साइट हीच जास्त भरवशाची, नजर पुढच्या माशीवर ठेवायची आणि टार्गेट जरा धूसर दिसू द्यायचं. स्कोप घ्यायचाच असेल तर जवळच्या अंतराला फोकस होणारा आणि स्प्रिंग रायफलचा धक्का सोसणारा, वेगळा घ्या.

देखभाल म्हणाल तर जास्त नाही पण जी आहे ती टाळून चालत नाही. स्टॉकचे स्क्रू ढिले होतात, दर सेशनला बघा, अचानक ग्रुप फुटला तर सगळ्यात आधी तेच बघायचं. नळी जिथे बंद होते तिथला सील तपासायची सोपी पद्धत म्हणजे त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून एक छर्रा मारायचा, पट्टी उडाली तर हवा लीक होतेय. छर्रा न घालता घोडा कधीच दाबू नका, हवेची गादी मिळत नाही आणि पिस्टन थेट आपटतो. स्टीलच्या गोळ्या पण घालू नका, नळीतले आटे जातात.

वेगाचा एक हिशोब तेवढा देतो, कारण २५ मीटरबद्दल विचारणारे खूप असतात. दोन छर्‍यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंद फरक पडला तर १० मीटर अंतरावर उंचीत जेमतेम एक मिलिमीटर फरक पडतो, २५ मीटरवर मात्र अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. त्यात पकड आणि ट्रिगरची चूक मिळवा. माझा २५ मीटरचा ग्रुप डोम छर्‍यांनी ५० मिमीच्या आसपास आला, डबा पाडायला ठीक, बारीक टार्गेटला नाही.

पैशाचं म्हणाल तर हिशोबात छर्रे, डोळ्यांना चष्मा आणि मागे छर्रे अडवणारा जाड ट्रॅप हे धरूनच चला. ४.५ चा छर्रा मोकळ्यात काहीशे मीटर जातो आणि कडक सपाट पृष्ठभागावरून उलटा येतो, त्यामुळे ट्रॅप ही चैन समजू नका. शिशाला हात लागतो म्हणून नंतर हात साबणाने धुवायचे. आणि घेण्याआधी आपल्या भागात एअर रायफलचे नियम काय आहेत ते बघून घ्या. एवढं सगळं धरलं तरी हवा भरून चालणार्‍या पीसीपीपेक्षा खर्च बराच कमी, कारण तिला पंप किंवा सिलिंडर लागतो आणि हिला फक्त तुमचा हात.

ज्याला रोज १० मीटरवर कागदावर सराव करायचाय त्याने जरूर घ्यावी, स्कोप नसलेलं व्हर्जन मिळालं तर तेच घ्यावं आणि वाचलेल्या पैशाचे दोन तीन प्रकारचे चांगले छर्रे आणून कुठला आपल्या नळीला मानवतो ते बघावं. ज्याला सामने खेळायचेत त्याने ही घेऊ नये, क्लबमधल्या मॅच रायफलीवरच हात बसवावा.