ॲक्वेरियमचा संप (फिल्टरची खालची टाकी) बेसमेंटमध्ये नेला, त्याला अकरा महिने झाले

जुलैत वादळी पावसात रात्री वीज गेली. सकाळी बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवरून पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. तेही खाऱ्या. चौदा गॅलन, म्हणजे 53 लिटर, आणि त्यात भिजून लगदा झालेला गणपतीच्या मखराचा खोका. त्यामुळे हे निम्मं चिडूनच लिहितोय.

घर न्यू जर्सीत. हॉलमध्ये 120 गॅलनची रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, तळ 48 बाय 24 इंच. स्किमर (फेसातून घाण काढणारा), हीटर, संप सगळं खाली. टाकीचं पाणी ड्रेनच्या पाइपमधून संपमध्ये उतरतं, पंप ते रिटर्न पाइपने परत वर चढवतो. पहिले नऊ महिने मी येईल त्याला बेसमेंट दाखवत होतो. हॉलमधली घरघर बंद झाली. मिठाचं पाणी खालीच पिंपात कालवायचं, कपडे धुण्याच्या सिंकमध्ये जुनं सोडायचं. बादल्या घेऊन जिने चढणं संपलं. माझ्या कंबरेला विचाराल तर पाच तारे.

पंपाच्या खोक्यावर ताशी 3000 गॅलन छापलंय. ते पाणी वर चढवायचं नसतं तेव्हाचं. बारा फूट चढ आणि त्यात एल्बो. ड्रेनखाली पाच गॅलनची बादली धरली, 22 सेकंदांत भरली. म्हणजे ताशी 800 च्या आसपास. आधी फसल्यासारखं वाटलं, पण कोरलना लागणारा प्रवाह टाकीतले वेव्हमेकर (पाणी घुसळणारे छोटे पंप) देतातच. संपमधून तेवढं फिरलं तरी पुरतं. पंप शंभर वॅट खातो, महिन्याला 72 युनिट. हिवाळ्यात खालच्या गारठ्यामुळे हीटरचं बिल वेगळं.

पंपाचं हे गणित मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘रिटर्न लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, काळजी नाही.’ म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. ते मागे घेतो.

झालं असं. पंप थांबला की रिटर्न पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकीचं पाणी खाली ओढतो. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे पाच गॅलन, आणि मी हौसेने तोंड सहा इंच बुडवलं होतं. तीस गॅलन तिथलेच, वर पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधले (टाकीचं पाणी ड्रेनकडे जातं तो कप्पा) चारेक. संपमध्ये जागा वीसची. हे रोखायला दोन गोष्टी होत्या. एक तो व्हॉल्व्ह: झडपेवर कॅल्शियमचा थर बसला होता, ती मिटलीच नाही. दुसरं, पाण्याखाली इंचभर पाइपला पाडलेलं पाव इंची भोक. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. त्या भोकात एक गोगलगाय मुक्कामाला होती.

एवढ्यावर भागलं नाही. पहाटे वीज आली, पंपाने टाकी भरली, संपची पातळी खाली गेली आणि ऑटो टॉप-ऑफला (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणाऱ्या यंत्राला) वाटलं बाष्पीभवन झालंय. त्याने इमानदारीत गोडं पाणी ओतलं. पाण्याचा खारटपणा हजारी 35 भागांवरून बत्तिसाच्या खाली. एक ॲक्रोपोरा (कोरलची एक जात) पांढरी पडली, बाकीच्या हळूहळू सावरल्या.

व्हॉल्व्ह विकणाऱ्याशी तीन ईमेल भांडलो. उत्तर एकच: दर तीन महिन्यांनी उघडून साफ करा असं पत्रकात आहे. आहे खरं. पण उघडायला दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सोडता येणारे जोड) लागतात, आणि मी पंधरा-वीस डॉलर वाचवायला ते न घालता प्रायमर-सिमेंटने पक्का चिकटवला होता. तरी पारदर्शक बॉडीवर आतला थर दिसेल असं छापणाऱ्यांनी तो व्हॉल्व्ह एकदा छताच्या जॉइस्टमध्ये (तुळयांमध्ये) डोकं घालून बघावा. एक तारा कापला.

आता व्हॉल्व्ह कापून फेकलाय, तोंडं दीड इंचावर आणलीत. भोकं दोन, टूथब्रशने घासायची. टॉप-ऑफला तासाची मर्यादा घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुद्दाम पंपाचा प्लग काढतो. ड्रेनच्या लांब आडव्या पाइपमधली हवा निघेपर्यंत पुन्हा सुरू होताना पाच मिनिटं डरकाळ्या येतात. पाहुणे असतील तर हे करू नका.

बायको म्हणते, एवढा अभ्यास त्या भोकाचा करण्याऐवजी खोके आधीच फळीवर ठेवायचे होते. परवा प्लग काढला तेव्हा पाणी संपच्या काठाखाली जवळपास तीन इंच थांबलं. खोके फळीवर गेलेत.