शाळेसमोरच्या रस्त्याची सुरक्षा-तपासणी : एका पालकाचा अभिप्राय

गेल्या वर्षी आमच्या मुलांच्या शाळेसमोर दुसरीतली एक मुलगी दुचाकीच्या धडकेने जखमी झाली, त्यानंतर पालकसंघाने वर्गणी काढून एका पथकाकडून त्या रस्त्याची सुरक्षा-तपासणी करून घेतली. पथकात वाहतूक अभियंता, मुलांचे शल्यचिकित्सक, बालमानसशास्त्राच्या अभ्यासक आणि वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले हवालदार असे चौघे होते.

मुले न बघता धावतात, हेच एक कारण आम्ही धरून बसलो होतो. पथकाने अमेरिकेतले रस्तासुरक्षा-तज्ज्ञ विल्यम हॅडन यांचा १९७०च्या सुमाराचा तक्ता आमच्यापुढे ठेवला. त्यात व्यक्ती, वाहन आणि परिसर यांचा अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर असा नऊ चौकटींत विचार करावा लागतो. आमची सगळी उत्तरे मात्र पहिल्या चौकटीतच बसली.

खरे काम सकाळी शाळा भरताना झाले. विजेचा डीपी आणि तिथेच उभा राहणारा टेम्पो यांच्या फटीतून मुले रस्त्यावर उतरतात. डॉक्टर त्या फटीत गुडघ्यांवर बसले आणि पहिलीतल्या मुलाच्या उंचीवरून त्यांना येणारी एकही दुचाकी दिसेना; दुचाकीस्वारालाही ते दिसले नसते. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे वेग गेला की प्राथमिक शाळेतल्या मुलांना जवळ येणाऱ्या गाडीचा अंदाज नीट येत नाही, असे अभ्यासक बाईंनी समजावले, आणि अभियंत्याने वेग मोजला तेव्हा बहुतेक दुचाक्या त्याहून जोरात निघाल्या. झेब्रा पट्टे ओस का पडतात, हे हवालदारांनी ओळखले : रिक्षा फाटकासमोर, पण पलीकडच्या बाजूला थांबतात, आणि पट्टे पार कोपऱ्यावर आहेत. चौघे एकाच जागी उभे नसते, तर हे धागे जुळले नसते, असे मला मनापासून वाटते.

दोन उणिवा सांगायलाच हव्यात. अहवाल इंग्रजीत आला, त्यामुळे ज्यांनी सवय बदलायची त्या रिक्षावाल्या काकांना तो वाचता येईना. मराठी गोषवारा मागितल्यावर तीन आठवड्यांनी मिळाला. शिवाय पाहणी फेब्रुवारीत झाली. पावसाळ्यात पदपथावर पाणी तुंबून मुले थेट रस्त्यावरून चालतात, त्याचा अहवालात उल्लेखही नाही.

रिक्षाथांबा लगेच फाटकाच्या बाजूला आला, टेम्पोही हलला. उंच पादचारी पट्ट्याचा अर्ज महापालिकेत आहे. इतर शाळांनी ही सेवा जरूर घ्यावी, फक्त जुलैतली एक फेरी आधीच ठरवून घ्यावी.