लिडारवाला झाडू-पोछा रोबोट: नकाशा एक नंबर, आरशापुढे मात्र गोंधळ

आधीचा कॅमेऱ्यावाला होता, अंधार पडला की कुठेही धडकायचा, म्हणून यावेळी मुद्दाम लिडारवाला, म्हणजे लेझरने अंतर मोजून वाट काढणारा, घेतला आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे राव. वरती जी गोल टोपी असते ना, तिच्यात लेझर ३६० अंशात गरागरा फिरतो, किरण आपटून परत आला की त्यावरून अंतर काढतो, त्यामुळे लाईट बंद असले तरी पलंगाखाली बरोब्बर जातो. पहिल्याच फेरीत फोनवर अख्ख्या घराचा नकाशा आला, डायनिंगच्या खुर्चीचे चार पायसुद्धा चार ठिपके म्हणून वेगळे दिसतात! नकाशावर देवघरासमोर नो-गो झोन, म्हणजे ‘इथे जायचं नाही’ अशी हद्द, टाकला, रांगोळी शाबूत.

आता खटकलेलं सांगते. कपाटाचा आरसा पार खालपर्यंत आहे, तर नकाशात आरशामागे नसलेलीच खोली उगवली. बाल्कनीच्या काचेतून तर किरण आरपारच जातो. दोन्हीकडे टोपीच्या उंचीला कागदी टेप चिकटवली मग थांबलं. आणि लेझर एकाच उंचीवर फिरत असल्याने जमिनीवरची वायर, मोजे त्याला दिसतच नाहीत, ते आधी उचलावेच लागतात. टोपीमुळे उंची साधारण १० सेंटीमीटर होते, आमच्या बुटक्या सोफ्याखाली शिरत नाही, तेव्हा घेण्याआधी फर्निचरखाली पट्टी लावून मोजाच.