गाणं ऐकायला मागच्या काळात जायचं तर नक्की कुठे? टाइम मशीनचं एकच तिकीट असेल तर माझा हिशोब

समजा टाइम मशीनचं एकच तिकीट हातात आलं. एकच रात्र, जायचं, गाणं ऐकायचं, परत यायचं. हा विषय निघाला की पाच मिनिटांत एक जण वुडस्टॉक म्हणतो, दुसरा तानसेन म्हणतो आणि मग भांडण. मी यावर गरजेपेक्षा फारच जास्त विचार करून ठेवलाय, तर ज्यांचं खरंच ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

माझी कसोटी एकच आहे. जे घरात हेडफोन लावून ऐकता येतं त्यासाठी तिकीट जाळू नका. जे रेकॉर्डवरही राहिलं नाही आणि कागदावरही नाही, ते ऐकायला जा.

या कसोटीवर वुडस्टॉक, म्हणजे अमेरिकेतला तो रॉक संगीताचा महोत्सव, पहिल्याच फेरीत बाद. ऑगस्ट १९६९, चार लाखांच्या वर माणसं, पाऊस, चिखल, आणि गिटारवाला जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला तोपर्यंत सोमवारची सकाळ झालेली, बहुतेक पब्लिक घरी निघून गेलेलं. बरं हे सगळं फिल्मवर आहे, तेही स्टेजच्या अगदी जवळून, मग चिखलात उभं राहायचं कशाला? बीटल्सवाल्यांनो, तुमचंही तेच. १५ ऑगस्ट १९६५ च्या शे स्टेडियमला पंचावन्न हजार लोक इतके किंचाळत होते की बँडला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. जायचंच असेल तर १९६० च्या हॅम्बुर्गला जा, रोज रात्री तासन्‌तास वाजवून वाजवून ही पोरं तयार होत होती, जॉर्ज हॅरिसन तर सतरा वर्षांचा, म्हणजे नाइटक्लबमध्ये वाजवायलाच अल्पवयीन, आणि त्यावरूनच त्याला जर्मनीतून हाकललं. तो कच्चा, घामाघूम बँड कुठल्याच अल्बममध्ये भेटत नाही.

तानसेनला माझ्या कसोटीत पैकीच्या पैकी मार्क. अबुल फझलने लिहून ठेवलंय की असा गवई गेल्या हजार वर्षांत हिंदुस्थानात झाला नाही. पण अकबराच्या दरबारात तुम्हाला आत घेणार कोण? तिथे तिकीटखिडकी नाही. आणि आत गेलातच तर तयारीने जा, तिथे तबला नाही, पेटी नाही, आज आपण ज्याला ख्याल म्हणतो तो नाही, ध्रुपद आणि पखावज. ध्रुपदात मन रमत नसेल आणि दिवे आपोआप पेटतील एवढ्याच आशेवर जात असाल तर नकाच जाऊ.

आता खरी चुरस आहे ती तिघांत.

पहिलं व्हिएन्ना, २२ डिसेंबर १८०८. बीथोव्हनचा तो कुप्रसिद्ध कार्यक्रम. थिएटर आन डेर वीन, संध्याकाळी साडेसहाला सुरू आणि साडेदहाला संपला. एकाच रात्रीत पाचवी सिम्फनी, सहावी सिम्फनी, चौथा पियानो कॉन्सर्टो, कोरल फँटसी आणि मध्येमध्ये आणखी बरंच. कागदावर हे स्वप्न वाटतं ना? आता दुसरी बाजू. हॉलमध्ये कडाक्याची थंडी. रिहर्सल जेमतेम. त्याच रात्री शहरात दुसरा मोठा चॅरिटी कार्यक्रम, त्यामुळे चांगले वादक तिकडे. ठरलेली गायिका भांडून गेली, ऐन वेळी जी उभी केली तिची घाबरगुंडी उडालेली. आणि कोरल फँटसी वाजवताना सगळे असे चुकले की बीथोव्हनने मध्येच थांबवून परत सुरू करायला लावलं. म्हणजे पाचवी सिम्फनी त्या रात्री जशी वाजली असेल त्यापेक्षा आजची कुठलीही बरी रेकॉर्डिंग चांगली असणार, यात मला शंका नाही.

तरी मी ते फायनलमध्ये ठेवलंय, एकाच कारणासाठी. त्या रात्री बीथोव्हन एकटा पियानोवर बसून मनाने वाजवत होता, लिहिलेलं नाही, तिथल्या तिथे सुचेल तसं. सिम्फनी कागदावर उरली म्हणून आपल्यापर्यंत आली, हे मात्र हवेत विरलं. आणि कान आधीच जात चाललेले, ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्सर्टो वाजवायला तो यानंतर लोकांसमोर बसलाच नाही. त्या काही मिनिटांसाठी चार तास कुडकुडायची तयारी असेल तर जा. अँटिबायोटिक नावाची गोष्ट अजून शंभरेक वर्षं यायची आहे हे लक्षात ठेवा, खोकला झाला तर परत येईपर्यंत कळ काढावी लागेल.

दुसरं न्यूयॉर्क, हार्लेम, १९४२ च्या शेवटच्या महिन्यांतला कुठलाही सोमवार. वेस्ट ११८ व्या रस्त्यावरचा मिंटन्स प्लेहाउस. पियानोवर थेलोनियस मंक, आणि ट्रम्पेट घेऊन डिझी गिलेस्पी, सॅक्सोफोन घेऊन चार्ली पार्कर येऊन बसायचे. इथेच बीबॉप, म्हणजे जॅझची नवी, वेगवान आणि अवघड शैली, शिजत होता. आणि गंमत बघा, १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, मोठ्या कंपन्यांबरोबरचं भांडण मिटायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे जॅझ जेव्हा आतून उलटंपालटं होत होतं तेव्हाच स्टुडिओ बंद! १९४१ मध्ये एक विद्यार्थी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन तिथे गेला होता म्हणून चार्ली ख्रिश्चनची तिथली गिटार थोडीफार ऐकता येते, नाहीतर तीही गेली असती. तो पुढच्याच वर्षी टीबीने वारला, पंचविशीत.

सोय म्हणाल तर तिन्हींत सगळ्यात चांगली. वीज आहे, इंग्रजी चालतं, दरबार नाही, दारातून सरळ आत जायचं. एखादा सोमवार हुकला तर पुढचा आहे, मशीनचा नेम थोडा चुकला तरी नुकसान नाही. फक्त हार्लेमबाहेर फिरायला निघालात तर तेव्हाच्या अमेरिकेत सावळ्या माणसाला कुठे बसू देतील आणि कुठे नाही याचा अंदाज घेऊन निघा. आणि हो, तुम्ही वाजवत असाल तर वाद्य नेऊ नका. नवशिके स्टेजवर चढले की ही मंडळी मुद्दाम अवघड कॉर्ड आणि अंगावर येणारा स्पीड काढायची, माणूस आपोआप खाली उतरायचा.

तिसरं, ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. संयुक्त मानापमान.

इथे मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकांच्या तोडीच्या दोन कंपन्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. मायक्रोफोन नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचवायचा. आपल्याकडे या काळातलं जे ऐकायला उरलंय ते भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की संपलं. गवई जरा कुठे रंगात येतोय आणि तबकडी खरखरायला लागते. तेच पद थिएटरात वन्समोअरवर वन्समोअर घेत किती लांबायचं आणि दर वेळी त्यात वेगळं काय यायचं, ते कुठल्याच तबकडीत मावलेलं नाही. म्हणजे बालगंधर्व आपण ऐकलेत असं आपण म्हणतो खरं, पण ऐकलाय तो नमुना.

त्यात ही दोघांची चढाओढ. एकाचा गळा मधाळ, लयीशी लाडात खेळणारा, दुसऱ्याचा टिपेचा, धारदार, सरळ घुसणारा. समोर तो गातोय म्हटल्यावर हा काय गायला असेल? याला पुरावा नाही, आठवणी आहेत फक्त. आणि पुन्हा कधी बघू म्हणायलाही फार वेळ नव्हता, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय एकतीस.

तोटे आहेत. तारीख एकच, मशीन एक दिवस जरी पुढे-मागे झालं तरी गेलं तिकीट पाण्यात. त्या रात्रीचे दर भारी होते आणि आजच्या नोटा तिथे चालणार नाहीत, जुनी नाणी आधी जमवावी लागतील. नाटक लांब, बसून बसून पाठ धरेल. पण दुभाष्या लागत नाही, पदं पाठ आहेत, कुठली जागा नवीन घेतली हे तिथल्या तिथे कळेल, आणि व्हिएन्नात किंवा हार्लेममध्ये मला हे अर्धंसुद्धा कळणार नाही.

तर जॅझ कळत असेल आणि धोका नको असेल तर डोळे मिटून हार्लेम. पियानो वाजवत असाल तर व्हिएन्ना, पण गरम कपडे घालून. मी मानापमानला चाललोय. फक्त एक शंका आहे, मागच्या काळात जाऊन कशात ढवळाढवळ करायची नाही असा नियम असतो म्हणतात, तर मागच्या रांगेतून वन्समोअर ओरडलेलं त्यात धरतात का?